'धीर धरा' म्हणून झाल्यावर काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ जून हा मोटर न्यूरॉन आजाराचा जागतिक दिवस. नेमका त्याच दिवशी योग दिन असतो, त्यामुळे या आजाराला जागा मिळालीच तर एखादी चौकट मिळते आणि तिच्यात बहुधा स्टीफन हॉकिंग यांचे छायाचित्र असते. २१ व्या वर्षी निदान, ७६ व्या वर्षी मृत्यू, मधली बहुतेक वर्षे चाकाच्या खुर्चीत. हे सारे खरे आहे. पण हॉकिंग यांचा आजार विलक्षण संथ होता. बहुतेक रुग्णांना पहिल्या लक्षणापासून दोन ते चार-पाच वर्षे मिळतात, आणि दहा वर्षांपलीकडे साधारण दहांतला एक जातो. निदान झालेल्या घरात 'हॉकिंग बघा, हिंमत ठेवा' असे सांगणारे पुष्कळ येतात. छातीत अडकलेला कफ बाहेर कसा काढायचा, हे सांगणारा मात्र कुणी भेटत नाही. आम्ही भौतिकोपचार (फिजिओथेरपी), वाचा व गिळण्याचे उपचार आणि घरची शुश्रूषा ही कामे करणारी माणसे आहोत. आमच्या मते या आजारात हिंमत म्हणजे प्रत्येक गोष्ट गरज पडण्याच्या एक पायरी आधी करून ठेवणे. त्या पायऱ्या लिहिण्यासाठी हे पत्र.

आजाराची ओळख थोडक्यात. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या व मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. सुरुवात कुणाची हातापासून, कुणाची पायापासून, कुणाची जिभेपासून होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. स्पर्श, दृष्टी, श्रवण शाबूत राहते. डोळ्यांची हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा बहुधा टिकतो. 'बुद्धी पूर्ण शाबूत' असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांत निर्णय घेणे, संयम, दुसऱ्याची अडचण समजणे यांत कमी-जास्त फरक पडतो. घरचे त्याला 'हट्टीपणा' म्हणतात आणि भांडणे सुरू होतात. कारण नसताना हसू किंवा रडू कोसळणे हाही आजाराचाच भाग असतो. त्यावर गोळ्या आहेत, तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे.

एका तपासणीत हे निदान होत नाही. चेतातज्ज्ञाची (न्यूरोलॉजिस्टची) तपासणी, स्नायू व नसांच्या विद्युत चाचण्या (ईएमजी, एनसीव्ही) आणि एमआरआय मिळून ते ठरते. मानेच्या मणक्यांची झीज समजून शस्त्रक्रिया झालेले रुग्ण असतात. उलट बाजूही आहे: पंधरा ते पंचविशीतल्या मुलाचा एकच हात पंजाकडून बारीक होत असेल, तर तो हिरायामा हा वेगळा आजार असू शकतो. तो काही वर्षांत बहुधा आपोआप थांबतो. तेव्हा इंटरनेट वाचून घरीच शिक्का मारू नये.

औषधांत रिल्युझोल ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सुरुवातीचे तीन महिने दरमहा यकृताची रक्ततपासणी लागते. या गोळीने गेलेली ताकद परत येत नाही, काही महिन्यांचे आयुष्य वाढते. हे आधीच स्पष्ट सांगितले नाही, तर 'फरक पडत नाही' म्हणून लोक ती बंद करतात. एसओडी१ या जनुकात दोष असलेल्या मोजक्या रुग्णांसाठी टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. बाकी राहिला मूळपेशींचा (स्टेम सेलचा) बाजार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात मूळपेशी मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. लाखांचे 'पॅकेज' सांगितले गेले, की तेवढ्या पैशांत पुढे लिहिलेली बरीचशी साधने येतात एवढे मनात धरावे.

आता श्वास, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. श्वास कमी पडल्याची पहिली खूण धाप नसते. सकाळी उठल्यावर डोके जड, रात्री वारंवार जाग, दिवसा पेंग, उताणे झोपले की घुसमट, बोलता बोलता वाक्य मध्येच तुटणे. यातले काहीही दिसले की तपासणी करावी. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. दुबळे स्नायू हवा पुरेशी आत-बाहेर करत नाहीत, त्यामुळे आधी कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजनचा आकडा बराच काळ ९५-९६ दिसत राहतो आणि घरचे निश्चिंत राहतात. दर तीन महिन्यांनी एफव्हीसी, म्हणजे खोल श्वास घेऊन जोराने सोडलेल्या हवेचे माप, मोजावी, बसून आणि उताणे झोपूनही. झोपल्यावर आकडा बराच घसरला, तर श्वासपटल दुबळे झाले असे समजायचे. ओठ मिटत नसतील, तर नळीऐवजी मास्क लावून मोजायला सांगावे, नाहीतर आकडा उगीच कमी येतो. जीभ अजून साफ असेल, तर घरी दर आठवड्याला त्याच खुर्चीत बसून एका श्वासात कितीपर्यंत मोजता येते ते कॅलेंडरवर लिहावे. नुसता एक आकडा निरर्थक असतो, त्याची घसरण बोलकी असते.

उपाय बायपॅप यंत्राचा, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा. घोरण्यावर आणि झोपेत श्वास अडण्यावर पुष्कळ लोक एकाच दाबाचे सीपॅप वापरतात, ते इथे चालत नाही. श्वास आत घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी हवा, आणि रुग्णाने श्वास घेतला नाही तर यंत्राने स्वतःहून द्यावा अशी सोय, म्हणजे 'एसटी' मोड, हवी. आत घेण्याचा दाब ८ ते १० आणि सोडण्याचा ४ (सेंटिमीटर पाणी या मापात) अशी सौम्य सुरुवात करून दिवसा-दिवसाने वाढवतात. हे आकडे डॉक्टरांनी ठरवायचे, यंत्र पोचवायला आलेल्या माणसाने नव्हे. पहिल्याच रात्री आठ तास लावून द्यायचे, ही ठरलेली चूक. दुपारी टीव्ही बघताना पंधरा-वीस मिनिटे, मग डुलकीपुरते, मग रात्री. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, घशाचे स्नायू फार बिघडलेले नव्हते अशा रुग्णांचे आयुष्य या यंत्राने साधारण २०५ दिवसांनी वाढले आणि दिवसही बरे गेले. रिल्युझोलच्या लाभापेक्षा हा लाभ मोठा आहे, तरी गोळी बहुतेक जण सुरू करतात आणि यंत्र टाळतात.

यंत्र 'सोसत नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचे खरे भांडण मास्कशी असते. पट्टा करकचून आवळला की नाकाच्या हाडावर जखम होते. तिथे हायड्रोकोलॉइडचा (त्वचा जपणाऱ्या मऊ चिकटपट्टीचा) पातळ तुकडा आधीच लावावा आणि दोन वेगळ्या घडणीचे मास्क आलटून-पालटून वापरावेत. दाढीमुळे हवा गळते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड उघडे राहिले तरी गळते. तोंड-नाक झाकणारा मास्क लावायचा आणि हात चालत नसतील, तर उलटी झाल्यास तो काढणार कोण? अशा वेळी शेजारी माणूस आणि हाक मारायची घंटा दोन्ही हवे. घंटेसाठी दाराची बिनतारी बेल पुरते. तिचे बटण बोट, पाय, गाल, जे हलते तिथे बसवायचे.

वीज जाते, म्हणून हिशेब मांडून ठेवावा. बहुतेक बायपॅप ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) बंद असताना ३० ते ६० वॅट घेतात. घरचा इन्व्हर्टर १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीवर असेल, तर कागदावर १८०० वॅट-तास होतात. प्रत्यक्षात निम्मे धरा. म्हणजे ५० वॅटच्या यंत्राला नव्या बॅटरीवर सतरा-अठरा तास. ह्युमिडिफायर आणि पंखा त्याच तारेवर असतील, तर हे गणित कोसळते. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून पाहावे. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पलंगालाच टांगलेली असावी आणि घरातल्या निदान दोघांना ती वापरता यावी.

सर्वांत धोक्याची गोष्ट ऑक्सिजन सिलिंडर. धाप दिसली की शेजारीपाजारी सिलिंडर आणतात आणि रुग्णवाहिकेतही पहिली नळी तीच लागते. साठलेला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, नुसत्या ऑक्सिजनने श्वासाची ओढ आणखी मंदावू शकते, आणि रुग्ण गुंगीत जातो. आकडा ९९, माणूस बेशुद्ध. न्यूमोनियासारख्या कारणाने ऑक्सिजन लागतोही, पण तो बायपॅपमधून आणि मोजून. पलंगाशी आणि पाकिटात एक कार्ड ठेवावे: 'मला मोटर न्यूरॉन आजार आहे. नुसता ऑक्सिजन देऊ नका, माझे बायपॅप लावा. ऑक्सिजन दिलाच तर लक्ष्य ८८ ते ९२. मला सपाट झोपवू नका.' आपत्कालीन विभागातल्या तरुण डॉक्टरने हा आजार पुस्तकातच पाहिलेला असू शकतो. त्याला दोष देऊन काय मिळणार? कार्ड दाखवावे.

श्वास आत नेण्याइतकेच कफ बाहेर काढणे महत्त्वाचे. पीक फ्लो मीटर या हवेचा वेग मोजणाऱ्या साधनात खोकून पाहावे. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आकडा गेला, तर साधी सर्दीही छातीत उतरू शकते. १६० च्या खाली खोकला जवळजवळ निकामी. त्याआधीच 'श्वासाची चळत' शिकावी. अंबू बॅगेला एकमार्गी झडप आणि मास्क जोडायचा, दोन-चार दाबांत हवा आत भरायची, रुग्णाने ती धरून ठेवायची आणि खोकताना दुसऱ्याने पोटाच्या वरच्या भागावर आत-वर असा दाब द्यायचा. दिवसातून दोन-तीनदा, आणि जेवणानंतर निदान तासाभराने. फुफ्फुसात पूर्वी हवेचे फुगे किंवा गळती झाली असेल, तर हे करू नये. पुढच्या टप्प्याला खोकला-सहायक यंत्र लागते. ते हवा आत ढकलून लगेच ओढून घेते. सुरुवात अधिक-उणे १५-२० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने, सहन होईल तसे ४० पर्यंत, चार-पाच श्वासांच्या चार-पाच फेऱ्या. किंमत लाखांत असल्याने फार थोड्या घरांत ते असते. सक्शन यंत्र त्या मानाने स्वस्त, पण ते तोंडात आलेलेच ओढते. खोल नळी घालून छातीतला कफ ओढायचा प्रयत्न करू नये.

लाळ गळते म्हणून लाळ सुकवायच्या गोळ्या देतात. त्या जास्त झाल्या की लाळेचा चिकट दोरा बनून घशात अडकतो आणि मग 'दमा झाला' असे वाटते. पातळ लाळ आणि घट्ट कफ हे दोन वेगळे त्रास आहेत, एकाचे औषध दुसऱ्याला वाढवते. डॉक्टरांना दोन्हींचे वर्णन वेगवेगळे सांगावे.

खाण्यात ठसका पहिल्यांदा पाण्याला आणि चहाला लागतो, भाकरीला नंतर. पातळ पदार्थ घशातून झपाट्याने उतरतो आणि दुबळी जीभ त्याला अडवू शकत नाही. तांब्या वर धरून, मान मागे टाकून पाणी प्यायची आपली सवय या आजारात पहिल्यांदा सोडावी. हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्यावेत. फुलपात्राऐवजी नाकापुढची कड कापलेला प्लॅस्टिकचा पेला घेतला की मान मागे न्यावी लागत नाही. कोरडे, सुटे कण असलेले आणि पातळ-घट्ट एकत्र असलेले पदार्थ सर्वांत वाईट: चिवडा, भेळ, सुके पोहे, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी, पातळ आमटी घातलेला भात, ताकभात. त्याऐवजी घोटलेला मऊ भात तूप-मेतकूट घालून, दाट वरण, नाचणीची घट्ट पेज, श्रीखंड, कुस्करलेले केळे. पाणी दाट करायला झँथन गमाची तयार पावडर बरी, पिठाने दाट केलेले पाणी लाळेत मिसळून पुन्हा पातळ होते. जेवण ताठ बसून, आणि नंतर अर्धा तास बसूनच.

वजन दर पंधरवड्याला लिहावे. या आजारात वजन घटणे हे वाईट लक्षण आहे, 'उचलायला हलके बरे' हा विचार घातक. मोठा चमचाभर तूप म्हणजे सुमारे १२० कॅलरी, ते प्रत्येक घासात लपवता येते. कोलेस्टेरॉलची भीती इथे दुय्यम. जेवायला अर्ध्या तासाहून खूप जास्त वेळ लागू लागला किंवा मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन गेले, की पोटातल्या नळीचा, म्हणजे पेगचा, निर्णय घ्यावा. 'तोंडाने जातेय तोवर कशाला?' हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. उत्तर असे की एफव्हीसी अपेक्षित मापाच्या ५० टक्क्यांच्या वर असताना नळी बसवणे सुरक्षित, खाली गेल्यावर धोका वाढतो. आणि नळी बसली म्हणून आवडीचे चार घास तोंडाने खाणे बंद होत नाही. नाकातली नळी थोड्या दिवसांची सोय आहे. ती घशाला टोचते, लाळ वाढवते आणि बायपॅपचा मास्क नीट बसू देत नाही.

पेगमधून एका वेळी २०० ते २५० मिली, वीस ते तीस मिनिटांत, धड ३० ते ४५ अंश वर ठेवून. आधी आणि नंतर निदान ३० मिली कोमट पाणी. घरचे मिश्रण बारीक गाळणीतून गाळावे. दुधात लिंबू किंवा आंबट फळ गेले की ते नळीतच फाटते. गोळ्या एकेक वेगळी कुटून द्याव्यात, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत. नळी तुंबली तर मोठ्या सिरिंजने कोमट पाणी हलके आत-बाहेर करावे, तार घालू नये. नळी निसटली तर भोक काही तासांत बुजू लागते, 'सकाळी बघू' म्हणून चालत नाही. नळी बसवून महिनाही झाला नसेल, तर घरी काहीही आत न घालता थेट रुग्णालय गाठावे.

हाताळण्याबद्दल दोन गोष्टी. काखेत हात घालून किंवा दंड धरून उचलू नये. दुबळ्या खांद्याचा सांधा निसटतो आणि ते दुखणे कायमचे राहते. कमरेला पट्टा बांधून त्याला धरावे. प्रत्येक सांधा रोज दोनदा हलक्या हाताने पूर्ण फिरवावा. व्यायाम दुसऱ्या दिवशीही थकवा उरेल इतका कधीच नको, 'जोर लावला की ताकद येते' हा नियम इथे उलटतो. पाऊल घसटत असेल तर घोट्याचा आधार मिळतो, पण तो चपलेत बसत नाही, मागे पट्टा असलेली सँडल लागते. हे कुणी आधी सांगत नाही आणि आधार कपाटात पडून राहतो.

बोलणे जाण्याआधी आवाज ध्वनिमुद्रित करावा. पंखा बंद करून, फोनवर, रोजची वाक्ये आणि घरातल्या प्रत्येकाची हाक. पुढे डोळ्यांनी चालणारे संगणक आहेत, पण चष्म्याची चकाकी, खिडकीतले ऊन आणि कोरडे डोळे त्यांना अडवतात. वीज नसताना चालतो तो कागदी तक्ता, आणि त्यासाठी देवनागरी फार सोयीची. इंग्रजी अक्षरांना क्रमाखेरीज रचना नाही, आपल्या वर्णमालेत ती आयतीच आहे. पहिली ओळ स्वर, मग क, च, ट, त, प हे वर्ग, मग य ते ह आणि ळ, शेवटी मात्रा. ङ आणि ञ वगळावेत. ऐकणाऱ्याने विचारायचे: पहिली ओळ? दुसरी? रुग्णाने डोळे वर नेले की 'हो'. पापणी मिटणे ही खूण ठेवू नये, पापण्या आपोआपही मिटतात. ओळ ठरली की त्या ओळीतले एकेक अक्षर. मात्रा बहुधा लागतच नाहीत: 'प' आणि 'ण' आले की पाणी कळते. मात्र अंदाज केलेला शब्द मोठ्याने म्हणून 'हो' मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये. रुग्णाला सर्वाधिक संताप आणते ते दुसऱ्याने परस्पर पुरे केलेले वाक्य. तक्त्याच्या डोक्यावर तयार वाक्ये असावीत: कूस बदला, मास्क सरकला, लाळ ओढा, खाज, डास, दिवा बंद, थोडा वेळ एकटे राहू द्या. पाठीमागे नियम लिहावेत, म्हणजे नवी परिचारिकाही पहिल्या दिवशी वापरू शकेल.

कागदपत्रे हात सही करतो तोवरच उरकावीत: संयुक्त खाते, वारसनोंदी, मुखत्यारपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या आजाराचे नाव नाही, पण दीर्घकालीन चेतासंस्थेचे आजार आणि हालचालीचे अपंगत्व आहे. प्रमाणपत्र ४० टक्क्यांपासून उपयोगी पडते, आणि आजार वाढला की पुन्हा तपासणी मागावी. आयकराच्या जुन्या पद्धतीत उपचारखर्चाच्या वजावटीसाठी जी आजारांची यादी आहे, तिच्यात मोटर न्यूरॉन आजार नावानिशी आहे. गंभीर आजाराची विमा पॉलिसी असेल तर तिची यादी वाचावी. प्रमाणित व्याख्येत हा आजार आहे, अट हालचालीतला दोष सलग तीन महिने टिकल्याची.

श्वासनलिकेला छिद्र पाडून कायमचे व्हेंटिलेटर लावायचे की नाही, हा प्रश्न मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारात भावाला विचारला जातो. त्याचे उत्तर रुग्णाने आधी देऊन ठेवावे. होय म्हणणाऱ्यांना चोवीस तास प्रशिक्षित माणूस, दुसरे यंत्र आणि सक्शनची तयारी लागते. नाही म्हणणाऱ्यांना धाप आणि भीती शमवणारी औषधे मिळण्याची हमी लागते, आणि ती वेदनाशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येते, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. मत बदलले तर ते कधीही बदलता येते.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे गावोगावी रुग्णसाहित्य केंद्रे आहेत. अनामत ठेवून कमोड खुर्ची, वॉकर, पलंग देतात. त्यांनी बायपॅप, सक्शन, झडपेसह अंबू बॅग आणि जिल्ह्यात निदान एक खोकला-सहायक यंत्र ठेवावे. या आजारात यंत्र वर्ष-दोन वर्षे वापरून घरात पडून राहते, आणि कुटुंबाला ते कुणाला द्यावे हे कळत नाही. परत आलेल्या यंत्राचे मास्क, नळ्या आणि गाळण्या नव्या घालायच्या, ह्युमिडिफायरची टाकी बदलायची, यंत्राचा दाब दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्यायचा आणि आधीच्या रुग्णाचे आकडे पुसायचे. एवढे केले की ते पुढच्या घरी जाऊ शकते. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या गावी असे केंद्र आहे, त्यांनी तिथे विचारणा करावी.

कळावे,
मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांसोबत काम करणारे भौतिकोपचार, वाचा-उपचार व गृहशुश्रूषा कार्यकर्ते, पुणे